वर्तुळापायी राहिलेली आत्या

उज्जैनहून आत्या गेल्याचा फोन आला आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता त्या वर्तुळाचं काय होणार! महिना होऊन गेला. आठवलं की अजून स्वतःचंच हसू येतं आणि पाठोपाठ रडूही.

कुसुमआत्या उज्जैनच्या माधवनगरातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. चौकटीच्या कागदावर रेघा जिथे छेदतात, ते तिचे ठिपके. ते जोडून सरळ कडांची कसलीही बंद आकृती काढा, आत्या नुसते ठिपके मोजून क्षेत्रफळ सांगायची. आतले ठिपके पूर्ण धरायचे, काठावरचे अर्धे, शेवटी एक वजा. "काठावरचे अर्धेच का गं?" मी लहानपणी विचारायचे. "अर्धे आत, अर्धे बाहेर. आपण उज्जैनचे मराठी आहोत ना, तसे!"

मग राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि तिच्या शाळेत सगळे तास हिंदीतून घ्यायचं ठरलं. बाजारात फर्डी वाटणारी आमची हिंदी फळ्यापाशी लंगडी पडते. पहिल्याच तासाला आत्यानं बजावलं, "काठ के बिंदु आधे गिनना." हिंदीत काठ म्हणजे लाकूड! बिचाऱ्या मुलींनी लाकडी पट्टी कागदावर ठेवली आणि तिच्याखाली झाकले गेलेले ठिपके इमानदारीनं अर्धे धरले. वर्गात हशा पिकला. आत्या रडवेली होऊन घरी आली. माझ्या वडिलांनी पुण्याच्या एका शाळेत तिच्यासाठी शब्द टाकलेलाच होता. "कुसुम, इथे रोज हसं करून घेण्यापेक्षा तिथे आपल्या भाषेत शिकव." तिनं ट्रंक भरायला घेतली.

दोन दिवसांनी त्याच मुली दारात. "बहनजी, काठ मतलब किनारा, समझ गए. पर गोले का नियम क्या है? बैठ ही नहीं रहा!" त्यांनी पाच घरांच्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं होतं. क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. काठावरचे ठिपके पूर्ण धरले तर एक्याऐंशी, अर्धे धरून एक वजा केला तर चौऱ्याहत्तर. त्रिज्या वाढवावी तर ठिपके कधी क्षेत्रफळाच्या पुढे, कधी मागे... "कल बताती हूँ," आत्या म्हणाली, आणि तो उद्या काही उजाडला नाही. ट्रंक रिकामी झाली. "एका गोळ्यापायी पुणं सोडलंस?" वडील शेवटपर्यंत तिला टोचत राहिले. ती वर्तुळं वाढवत राहिली. पुढे त्या मुलींच्या मुलीही ठिपके मोजायला येऊ लागल्या.

शेवटच्या भेटीत मी तिला सांगितलं, "आत्या, ठिपक्यांचा आकडा क्षेत्रफळापासून जास्तीत जास्त किती भरकटतो, हे मोठमोठ्या गणितज्ञांनाही अजून नेमकं सांगता आलेलं नाही." वाटलं, खचेल. ती उशीला टेकून उठून बसली.

"कुणालाच नाही?"

"नाही."

"दादा असायला हवा होता गं... मी उगाच नाही राहिले."

परवा तिची खोली आवरताना कागदाखाली घ्यायचा तिचा पाट हाती लागला. वर्षानुवर्षं कंपासचं टोक रोवून त्याच्या मधोमध खळगा पडलाय. माझं बोट त्यात सहज बसलं.