खिळ्यावरचे बिल्ले

एक्स-रेबाईंच्या तोंडी लागू नये, असं सगळं इस्पितळ म्हणायचं. बरोबरच होतं. गेल्या एकवीस वर्षांत त्या कुणाशी गोड बोलल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्याआधी त्या हसऱ्या होत्या. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला प्रत्येकाने छातीवर लावायचा असतो. या विभागात तो दाराबाहेरच्या खिळ्यावर टांगायची रीत होती. आकडा वाढला की तपासणी येते, मशीन बंद ठेवावं लागतं, म्हणून विभागाच्या साहेबांनीच ती पाडलेली. "आपला विभाग कसा स्वच्छ!" असं सगळे मिरवायचे. बाईही मिरवायच्या. दिवस गेले, तिसरा महिना सरत होता तेव्हाही त्या जुनाट मशीनखाली, तडे गेलेला शिशाचा एप्रन बांधून रडकी पोरं धरून ठेवत होत्या.

लेक झाली ती लहानशा डोक्याची. आज तिला वय विचारलं तर बोटं मोजते आणि सातावर अडते. सासूने सुनेच्या माहेराला नावं ठेवली. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "त्या आठवड्यांत मेंदू घडत असतो. किरणांनी असं होऊ शकतं. पण किती लागली हे कळल्याशिवाय मी लिहून कसं देऊ?" बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी बिल्ल्याचा अहवाल पुढे सरकवला. शून्य.

"तुमच्या घराण्यातच बघा काही आहे का," ते म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा! पण बाईंचा खरा संताप स्वतःवर होता. तो बिल्ला त्यांनी आपल्याच हाताने टांगला होता.

परवा नवी टेक्निशियन सकाळपासून दोनदा तोंड धुवायला पळाली, तेव्हा बाईंनी तिला जिन्यात गाठलं.

"कितवा?"

"हळू बोला ना बाई! तिसरा. साहेबांना कळलं तर काढून टाकतील."

"टाकू देत. आत पाऊल ठेवलंस तर तंगडी मोडीन. बदलीचा अर्ज लिही, आत्ता!"

"तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही," पोरगी रडत म्हणाली. पण तिने अर्ज लिहिला.

साहेब तो कागद फडकवत आले. आत टेबलावर एक तान्हं बाळ हातपाय झाडत होतं.

"हिला तुम्ही फूस लावलीत? आता बाळाला धरणार कोण?"

बाईंनी खिळ्यावरून साहेबांचा बिल्ला काढला आणि त्यांच्या कोटाला टोचला.

"तुम्ही धरा, साहेब. एकवीस वर्षं कोराच आहे."