आमच्या व्याह्यांचं लाल बटण

कुठल्याही वस्तूची खरी परीक्षा ती कशी चालते यावरून होत नाही, ती कशी थांबते यावरून होते, असं मानणारा माणूस सबंध बेंगळुरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. माझी लेक के. आर. पुरममध्ये त्यांच्या घरी दिली आहे. तिथून ते आमच्याकडे चामराजपेटेत येतात ते मेट्रोनं, आणि आल्यावर पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी आज मेट्रो कुठल्या स्टेशनात कशी थांबली याचा सगळा वृत्तान्त सांगतात. ऑटोतून उतरले की वाकून ड्रायव्हरच्या ब्रेकची तारीफ करतात; तो बिचारा आपलं काही चुकलं की काय म्हणून घाबरतो. कीर्तनाला जाऊन आले तर बुवा कशावर बोलले हे त्यांना आठवत नाही, पण "शेवट जागेवर केला बघा, एक शब्द जास्त न्हाई," हे कौतुक आठवडाभर पुरतं. मिक्सर, पंखा, पाण्याचा पंप, गल्लीतल्या वरातीचा बँड, सगळ्यांना हीच कसोटी. "चालू करायला कुणालाबी येतंय वो," ते म्हणतात, "थांबवायला आलं पाहिजे." स्वतः बोलायला लागले की मात्र हा नियम गुंडाळून ठेवलेला असतो. त्यांच्या बायकोनं एकदा माझ्या बायकोला जवळ बसवून हळूच सांगितलं होतं, "सगळ्या घराला बटणं बसवली अक्का, ह्यांनाच तेवढं राहिलं."

मूळचे ते निपाणीकडचे. इथल्या एका कारखान्यात मशीनांच्या देखभालीत त्यांचा जन्म गेला आणि तिथून ते निवृत्त झाले, निदान कागदावर तरी. लोकांच्या खिशाला पेन असतं तसा त्यांच्या खिशाला टेस्टर असतो. ते ज्या घरी एकदा जेवले त्या घरातलं एखादं तरी बटण दुसऱ्या दिवशी नव्या जागी दिसतं. लेकीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी वरपिता कुठे दिसेना. भटजी थांबले, सनईवाला थांबला, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. मला वाटलं, मानपानात आमचं काहीतरी चुकलं आणि स्वारी रुसली. पिढ्यानपिढ्या चामराजपेटेत राहून आमची मराठी अर्धी कानडी झाली असली, तरी व्याह्यांच्या रुसण्याची धास्ती आम्ही शुद्ध मराठी ठेवली आहे. मी चौल्ट्रीभर, म्हणजे सगळ्या मंगल कार्यालयात, शोधत हिंडलो तेव्हा ते स्वयंपाकघरात सापडले, रेशमी धोतर खोचून, कोपरापर्यंत उडदाच्या पिठात. वड्याचं पीठ वाटणाऱ्या मोठ्या ग्राइंडरचं बटण भिंतीकडच्या बाजूला होतं आणि बंद करायला आचाऱ्याला फिरत्या दगडावरून वाकावं लागत होतं. हे दिसल्यावर त्यांना अक्षता टाकवेनात. मला बघून म्हणाले, "व्याही, स्वल्प थांबा. मुहूर्त काय पळून जातोय? ह्याचा हात गेला तर परत येतोय काय?" मुहूर्त पळाला नाही. तो आचारी अजून बाजारात भेटला की माझ्या आधी माझ्या व्याह्यांची खुशाली विचारतो.

हे सगळं मी तेव्हा हसण्यावारी नेत असे. माझा धंदा लाकूड कातण्याचा. घराच्या मागच्या खोलीत वडिलांच्या वेळचं लेथ मशीन आहे; लाकूड त्यात गरगर फिरतं आणि आपण पटाशी धरून त्याला आकार द्यायचा. लाटणी, पाळण्याचे खांब, जिन्याच्या कठड्याचे दांडे, असली कामं. मग एके दिवशी सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, आणि तो उचलायला उजवा हात खाली गेलाच नाही. इस्पितळातून घरी आलो तेव्हा पाय बऱ्यापैकी सावरला होता, बोलणं सावरलं होतं, पण उजवा हात एखाद्या पाहुण्यासारखा माझ्याबरोबर राहू लागला. पटाशीची मूठ काखेत दाबून धरता येई, एवढंच त्याचं काम. बाकी सगळं डाव्यावर.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येई आणि "आता आराम करा" असं सांगून जाई. लेक म्हणाली, "अप्पा, मशीन देऊन टाकूया. ते दिसलं की तुम्ही उठणार, आणि मला तिकडं झोप लागणार नाही." तिचं चुकत नव्हतं. देवनहळ्ळीचा एक फर्निचरवाला मशीन बघून गेला आणि उगादीचा पाडवा झाला की टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. पण मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि ते उघडेनासा झालो. घरात तो घर्र आवाज नसला की मला दिवस सुरू झाल्यासारखंच वाटेना. माणूस आजारानं मरत नाही कधीकधी, रिकाम्या हातानं मरतो, हे मला त्या दिवसांत पुरतं कळलं.

अशात व्याही आले. शहाळं नव्हतं. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. लेकीनं सांगितलेलं सगळं त्यांच्या कानावर होतं, तरी बसता बसता त्यांनी विचारलं, "तुमचं मशीन बंद कसं होतंय?" मी सांगितलं, उजवीकडं मागं स्विच आहे. ते एवढे हळहळले, की माझ्या आजाराबद्दलसुद्धा कुणी एवढं हळहळलं नव्हतं. टॉवेलातून निघाला तो इन्व्हर्टर. वीज गेल्यावर दिवे लावतो तो नव्हे, हा मोटरचा वेग कमीजास्त करणारा. माझ्या बायकोनं फ्रिजसुद्धा चालेल का, असं विचारलं, तेव्हा व्याह्यांनी तिला अर्धा तास समजावलं. सार एवढंच, की आता वेग बदलायला पट्टा काढून घालायची, म्हणजे दोन हातांची, गरज नाही. मशीन म्हाताऱ्या बैलाच्या चालीनंसुद्धा फिरेल. पण भुसा जाऊ नये म्हणून हा इन्व्हर्टर भिंतीवर उंच बसवायचा, त्यामुळं त्याची बटणं माझ्या हातापासून लांब. म्हणून त्याला वायरीनं जोडलेला एक लहान डबा हवा, हाताशी राहणारा: चालू करायला हिरवं, थांबवायला लाल, आणि वेगाला एक चकती. "तेवढं मी करतो," व्याही म्हणाले, आणि आमच्या घरात एक पर्व सुरू झालं.

एस. पी. रोडवरच्या दुकानांत मी त्यांच्याबरोबर गेलो. लोक बटण बघून घेतात. हे डोळे मिटून घेतात. प्रत्येक बटण कानाजवळ नेऊन दाबायचं, सोडायचं, मान हलवायची. एका दुकानदारानं वैतागून विचारलं, "सार्, बटण बेका, संगीत बेका?" हे शांतपणे म्हणाले, "एरडू." दोन्ही पाहिजे. डब्यासाठी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात जाऊन एक प्लास्टिकचा डबा निवडला. "विहीणबाई, ह्यात काय हाय?" पोहे, असं बायको पदर सावरत म्हणाली. "काढा." पहिला डबा त्यांनी कारखान्यातल्या क्रेनसारखा छपरातून स्प्रिंगवर लोंबता ठेवला. मी वळलो आणि तो माझ्या कपाळावर आला. मग तो डाव्या बाजूच्या खांबाला बसला, हिरवं बटण आणि चकती तिथं छान जमली. लाल बटणाची वायर जोडून झाल्यावर त्यांनी मशीन रिकामं चालू केलं आणि बायकोची कात्री घेऊन स्वतःच जोडलेली वायर कचकन कापली. मशीन थांबलं. त्यांचा चेहरा नातवंडानं पहिलं पाऊल टाकल्यासारखा झाला. "वायर तुटली, उंदरानं खाल्ली, पायात अडकून उपसली, तरी थांबलंच पाहिजे. बिघडल्यावर चालू राहतंय ते बटण न्हवं, वैरी हाय." मग ती वायर परत जोडत बसले.

पण हे लाल बटण ठेवायचं कुठं, यावर त्यांचं घोडं अडलं. मी म्हटलं, हिरव्याच्या शेजारी ठेवा की. ते म्हणाले, "शांत असताना माणूस कुठंबी हात घालतोय. घाबरल्यावर तुमचा हात कुठं जातोय, ते मला बघायला पाहिजे." आणि त्यांनी मला घाबरवायला सुरुवात केली. मी पेपर वाचत असलो की मागं कागदी पिशवी फुटे. देवाला नमस्कार करताना परात पडे. "आता घाबरा बघू," असं एकदा समोर बसून सांगितलं, पण सांगून काही मला घाबरता येईना. शेवटी एक दिवस मी बायकोच्या हातची गरम पुरणपोळी खात असताना त्यांनी माझ्या कानाशी असा काही आरडाओरडा केला, की पोळी ताटाबाहेर गेली. माझी बायको, जिनं लग्नापासून व्याह्यांशी कुजबुजीपेक्षा मोठ्या आवाजात बोलणं केलं नव्हतं, ती झारा घेऊन बाहेर आली. "अहो, जरा तरी काळीज आहे का? दुखण्यातून उठलेलं माणूस आहे ते! असला प्रयोग तुमच्या घरी करा!" लेक त्या दिवशी माहेरी आली होती. तिनं तर डोळेच मिटले. आता सासर आणि माहेर दोन्ही एकदम गेलं, असं तिला वाटलं असणार. व्याही मात्र माझ्याकडंच बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "विहीणबाई, तुमचं बरोबर हाय. पण ह्यांचा डावा हात कुठं हाय बघितलासा काय?"

माझा डावा हात माझ्या उजव्या दंडाला घट्ट धरून बसला होता. मलाच ठाऊक नव्हतं. म्हणे पिशवी फुटली तेव्हाही तसंच, परात पडली तेव्हाही तसंच. घाबरलो की माझा चालता हात पहिल्यांदा त्या लुळ्या हाताला सांभाळायला धावतो. बायको झारा खाली ठेवून रडायला लागली. व्याह्यांनी खिशातून टेप काढून माझ्या दंडाचं माप घेतलं.

लाल बटण असं माझ्या उजव्या दंडावर आलं, चामड्याच्या पट्ट्यात शिवलेलं, ताईत बांधल्यासारखं. वायर खांद्यावरून पाठीमागं, फिरत्या लाकडापासून लांब, आणि ओढली तर सहज सुटेल अशी. उगादीच्या आदल्या आठवड्यात मी मागच्या खोलीचं दार उघडलं. लेक दारात उभी, बायको तिच्या मागं. मी चकती फिरवली. मशीन हळूच बोललं, मग जरा मोठ्यानं. पटाशी काखेत दाबून डाव्या हातानं पुढं सरकवली आणि लाकडाची पहिली साल निघाली. ती बघून मी एवढा हरखलो, की पटाशी तिरकी झाली, लाकडात रुतली आणि धाडकन आवाज आला. पुढचं मला नीट आठवत नाही. मशीन थांबलं होतं. मी बटण दाबलं नव्हतं. मी फक्त घाबरलो होतो. दंडावर माझा डावा हात होता, त्याच्याखाली लाल बटण होतं आणि दहाही बोटं जागच्या जागी होती. मी लेकीकडं बघितलं. ती आत आली आणि त्या थांबलेल्या लाकडावर हात ठेवून म्हणाली, "देवनहळ्ळीला मी फोन करते अप्पा. येऊ नका म्हणून सांगते." व्याह्यांनी एवढंच म्हटलं, "थांबताना जरा हिसका बसतोय. कमी करतो."

सगळी दुनिया मला थांबा म्हणत असताना, थांबण्याचं एवढं वेड असलेला हाच एक माणूस मला चालू हो म्हणाला. हे ऋण मी मानतो, आणि ते फिटावं असंही मला वाटत नाही. त्यांच्यासमोर हे बोलायला गेलो की ते विषय बदलून मेट्रोवर नेतात.

आता गुडघ्यांमुळं त्यांचं येणं बंद झालं आहे. सकाळी कामाच्या वेळेला फोन येतो. "मशीन ऐकवा," म्हणतात. मी फोन मशीनजवळ ठेवून चालू करतो, मग थांबवतो. पलीकडून, लाकूड पुरतं थांबेपर्यंत, एक शब्द नाही. आजारपणापासून त्यांनी मला तब्येत कशी आहे असं कधी विचारलं नव्हतं. त्या आवाजावरून त्यांना सगळं समजायचं: आज हात थकलाय, आज लाकूड कठीण आहे, आज स्वारी खुशीत आहे. पण गेल्या काही दिवसांपासून मशीन चालू असतानाच ते विचारतात, "चालू केलं काय?" लेकीनं मला आधीच सांगितलं होतं, मामंजींना आता ऐकू येणं बरंच कमी झालंय, आणि ते कबूल करत नाहीत. मी मशीन तरीही चालू करतो, तरीही थांबवतो. त्यांना खोटं सांगायचं माझ्या जिवावर येतं. मग सांगतो, "थांबलं व्याही, जागेवर थांबलं."

परवा हे सांगून झाल्यावर ते अगदी परक्या माणसासारखं, चाचरत, पहिल्यांदाच म्हणाले, "मग... हात कसा हाय तुमचा?"

मी फोन तोंडाजवळ नेला. "बरा आहे," मी ओरडून सांगितलं, "तुमच्यामुळं बरा आहे!" इतक्या मोठ्यानं, की बायको काय झालं म्हणून स्वयंपाकघरातून धावत आली.