कडू कागद
मागचं पत्र तुम्हाला पाठवताना पाकिटाच्या कडेला जीभ लावली, आणि त्या कागदाच्या चवीने आमच्या दिघीच्या घराची पडवी आठवली. महायुद्धाच्या आधीची गोष्ट, मी दहा वर्षांची असेन. खाडीपलीकडून होडीने एक डॉक्टर आले होते. एका घरातल्या सगळ्यांच्या जिभेला सारखीच चव लागते का, ते त्यांना वहीत टिपायचं होतं. त्यांनी दिलेली, कसलंसं औषध लावलेली पांढऱ्या कागदाची पट्टी जिभेवर ठेवताच बाबांनी तोंड वाकडं केलं, आत्या तर अंगणात जाऊन थुंकली. आईनेही डोळे घट्ट मिटले. मला मात्र नुसता कागद लागला. "कडू ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी पट्टी उलटून पुन्हा चाटली. "आमच्याच घरातली ना गो तू?" आत्या हसली. मी घाबरून "कडू" म्हटलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. दुपारी विहिरीवर रडत रडत मी आईला खरं सांगितलं. तिने घागर खाली ठेवली. "गप. मला तरी कुठे कडू लागला?" आता डॉक्टरांना सांगायचं कसं, ते तिलाही कळेना आणि मलाही, होडी केव्हाच सुटली होती. आजही कारलं खाताना सगळ्यांबरोबर माझं तोंड वाकडं होतं, पण ते चवीने की त्या भीतीने, मला नक्की सांगता येत नाही.