आक्काचा बेडका

जालन्याच्या एका सरकारी दवाखान्यात मी भिंगाखाली बेडके तपासायची. अंकुशनगरला सासरी खोकून खोकून अर्धी झालेली माझी थोरली बहीण, आक्का, माझ्याकडे राहायला आली तेव्हा बेडक्यासाठीची डबीही मीच तिच्या हातात दिली. चारचौघींत खाकरायला लाजून तिनं नुसती थुंकी आणली. मी ती फेकून दिली.

"थुंकी काय करू, आक्का? भिताडाआड जा अन् छातीतून काढ."

ती फणकाऱ्यानं गेली, पण आणलं ते अस्सल. त्यातलं थोडं पुण्याहून आलेल्या संशोधकांनी नेलं. टीबीच्या जंतूंची जनुकं तपासत होते ते.

मग गोळ्या सुरू झाल्या. एकही चुकली नाही. माझ्या डोळ्यांदेखत ती गिळायची. तरी खोकला हटेना. इंजेक्शनांनी कान तेवढे मंदावले. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी तिच्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं, 'अनियमित', म्हणजे गोळ्या चुकवणारी. आजारानं औषधाला दाद दिली नाही की हा शब्द ठरलेला, आणि तो लागला की पुढची जालीम औषधं मिळत नसत. म्हणजे आक्कानं मरायचं, तेही स्वतःच्या चुकीनं!

"साहेब, माझ्यासमोर खाल्ल्यात तिनं गोळ्या."

"घरच्यांची साक्ष चालत नाही, मॅडम."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुण्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, निकाल अभ्यासासाठी असतो, रुग्णाला देत नाही. मी उलट विचारलं, बेडका कोणाचा? बरीच पत्रं गेली, तेव्हा कुठे कागद आला. पहिली गोळी पोटात जाण्याआधीच तिच्या जंतूचं जनुक बदललेलं होतं. दुसऱ्या कुणाकडून तो तसाच, गोळ्यांना न बधणारा, तिच्या छातीत आला होता. त्या दिवशी मी थुंकी चालवून घेतली असती तर हा कागद कुठला यायला!

भर गर्दीत मी तो साहेबांपुढे ठेवला. त्यांनी शब्द खोडला आणि पुढच्या औषधांची चिठ्ठी लिहिली. त्याच औषधांनी आक्का पुढे बरी झाली, पण ते नंतरचं.

"काय झालं गं?" माझ्यामागे उभ्या असलेल्या आक्कानं विचारलं.

"तुझं बराबर होतं! एकबी गोळी चुकली न्हाई!"

"आँ?"

मी ओरडून सांगितलं. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.

"आँ?"

आता तर कंपाउंडरही बाहेर आला.

घरी जाताना रिक्षात ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिल्याच डावाला ऐकू आल्तं मला."