डावीकडचा माणूस

बस बस, शाम्या, सामान राहू दे. आधी ऐक. काल इथल्या शाळेत काय झालं ते तुले सांगितल्याशिवाय माझा चहा खाली उतरणार नाई.

पन कालचं एकदम सांगितलं तर तुले काही समजणार नाई. मलेच अजून पुरतं समजलं नाई. आमच्या राइस मिलच्या मागं भुशाचा ढीग कसा होते, माहीत आहे? कोनी आणून टाकत नाई, धान कांडलं का आपोआप वाढते. आमच्या तलवार क्लबचे किस्से तसेच आहेत.

हो, तलवार क्लब. हसू नको बे. तू नागपूरच्या इतवारीत सायकल फिरवते, मी इथी मूल गावात विलायती तलवार शिकून राह्यलो.

*

सुरुवात कवडू सरांपासून. शाळेत ड्रिल मास्तर आहेत. तीन वर्षांपासून टेंपररी. दर जूनमधी नवी ऑर्डर येते तेव्हा पुन्हा मास्तर, नाई आली का गावी बापाच्या धानाच्या बांधीत. हेडमास्तर त्याईले म्हणाले होते, "कवडू, यंदा इन्स्पेक्शनले साहेब येते. दुसऱ्या शाळेत नाई असं काही दाखव, तर परमनंट होशील. नाई तर नांगर धर."

आता सरांनी चांद्याले एका गोऱ्या जंगल साहेबाच्या सामानाच्या लिलावात मुद्गलाची जोडी घेतली होती. साहेब विलायतेले गेला, सामान राहून गेलं. मुद्गलाच्या पेटीत खाली एक जाडजूड पुस्तक निघालं. पानोपानी चित्र. दोन माणसं, फुगीर चड्ड्या, हातात लांब तलवारी, एक डावीकडं, एक उजवीकडं. खाली बारीक अक्षरात मजकूर.

मजकूर कोणत्या भाषेत ते कोनाले माहीत नाई. हेडमास्तर म्हणे फ्रेंच. मारोतराव कंपाउंडर म्हणे लॅटिन, काऊन का अशी अक्षरं त्याईच्या दवाखान्यातल्या बाटल्यांवर आहेत.

सर म्हणाले, "चित्राले भाषा लागत नाई."

झालं. क्लब सुरू. आधी आपण शिकू, मंग पोराईले शिकवू, असं सरांचं म्हणणं. सर, मारोतराव अन् मी. जागा आमच्या मिलचं पटांगण, जिथी बाया उकडलेलं धान वाळत घालतात. तलवारी बांबूच्या, टोकाले चिंध्यांचा गोळा.

*

चित्रातल्या माणसाचा डावा हात मागं, पाठीशी वळवलेला. सगळ्या चित्रांत. काऊन, यावर आम्ही दोन दिवस वाद केला.

मी म्हटलं तोल सांभाळायले असंन. सर म्हणाले रुबाब. मारोतराव शांतपणे म्हणाले, "मागं तंबाखूची पुडी आहे. दोन्ही हात गुंतले तर माणूस मळंन कसा?"

तेव्हापासून मारोतराव डाव्या हातात पुडी घेऊनच लढतात. तोल एकदम चांगला राह्यते, हे मले कबूल करावं लागलं.

*

तोंडाले जाळी पाहिजे होती. सर बुरडाकडं गेले, सदाशिवभाऊकडं. सदाशिवभाऊनं पूर्ण ऐकून घेतलं, माझ्या डोक्याकडं पाह्यलं अन् विचारलं, "किती पायलीचं?"

"काय किती पायलीचं?"

"डोकं, भाऊ. टोपलं मापानं विनावं लागते."

माझं पाच पायलीचं निघालं. मारोतरावांचं सात. त्याईले त्याचा आजपर्यंत अभिमान आहे.

पहिल्या टोपल्याले डोळ्यांची भोकं इतकी मोठी, का बांबू सरळ नाकावर येऊन राह्यला. म्हणून दुसरं बारीक विणलं. त्यात मले काहीच दिसेना. मी त्या दिवशी एकदम जोशात लढलो. मनात म्हटलं, आज मारोतराव मागं हटत नाई, काय हिंमत आहे माणसाची. टोपलं काढलं तर समोर धानाच्या पोत्यांची थप्पी. मारोतराव केव्हाचे बाजूले बसून चहा पिऊन राह्यले होते.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमचं चांगलं चालू होतं," ते म्हणाले.

*

आता खरी भानगड ऐक. आमची लढत संपतच नव्हती.

सरांनी नियम केला होता, चित्रातल्या डावीकडच्या माणसाचा पवित्रा आपण सगळ्यांनी शिकायचा. शुभकार्य डावीकडून सुरू होत नाई, असं मारोतराव म्हणाले होते, पन सरांचं म्हणणं, वाचताना आपण डावीकडूनच सुरू करतो न? तर आम्ही चार महिने डावीकडचा माणूस शिकलो. तलवार डोक्यावर उंच, छाती पुढं, पाय लांब. चित्रात लय देखणा दिसते तो.

अन् दोघंही तसेच उभे राह्यलो का काहीच होत नव्हतं. तो माझ्याकडं पाह्यते, मी त्याच्याकडं. धान वाळून जाते.

सखूबाई पायानं धान फिरवता फिरवता थांबली. म्हणाली, "भाऊ, तुमी लढून राह्यले का मोटारीची वाट पाहून राह्यले?"

सर म्हणाले, "बाई, दोघं बरोबरीचे असले का असंच होते."

मले ते पटलं होतं. आता लाज वाटते.

*

साहेब यायले चार दिवस राह्यले तेव्हा मारोतरावांच्या दवाखान्यात मिशनची गोरी सिस्टरबाई औषधं पाह्यले आली. तिचं मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. मारोतरावांनी तिले पुस्तक दाखवलं. ती म्हणाली ही जर्मन आहे, माझीच भाषा. मंग तिनं एक पान वाचलं, दुसरं वाचलं, अन् पदर नाई म्हणून रुमाल तोंडाले लावला.

"काय लिहिलं आहे, सिस्टरबाई?" सरांनी विचारलं.

"प्रत्येक पानावर एकच लिहिलं आहे. डावीकडचा माणूस कसा चुकतो आहे आणि उजवीकडचा त्याला कसा मारतो आहे, ते पाहा."

चार महिने आम्ही तिघं मरायची प्रॅक्टिस करून राह्यलो होतो.

सर पुस्तक घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले ते रात्रभर चित्रं पाहून डोळे लाल करून. म्हणाले, "बाबू, तीन दिवसांत सगळं नाई होत. तू एकच शिक. उजवीकडच्याचं सरळ भोसकणं. मारोतराव आहे तसेच राह्यतील."

मारोतराव म्हणाले, "म्हणजे मीच मरायचं?"

"तुम्हाले सवय आहे, मारोतराव."

*

काल साहेब आले. पांढरे केस, काळा कोट, आमच्या बाबूजींच्या वयाचे. शाळेच्या मैदानात आम्ही दोघं टोपली घालून उभे. मारोतरावांनी तलवार उंच केली, छाती पुढं काढली. मी भोसकलं. ते पडले. चांगले पडले, अर्धा मिनिट लावला त्याईनं पडायले.

साहेब खुर्चीतून म्हणाले, "हे तर ठरवून केलेलं दिसते."

सरांचा चेहरा उतरला. हेडमास्तर छताकडं पाहू लागले. मैदानात छत नव्हतं.

साहेब उठले. कोट काढून खुर्चीवर टाकला. "मी तरुणपणी लाठी फिरवली आहे. टोपलं द्या. हा पोरगा माझ्यासोबत लढू दे, मंग समजंन मास्तरनं काय शिकवलं."

मारोतरावांचं सात पायलीचं टोपलं त्याईच्या खांद्यापर्यंत आलं.

शाम्या, मले काही सुचत नव्हतं. मारलं तर साहेब चिडंन. नाई मारलं तर सर नांगरावर. तेवढ्यात साहेबांनी लाठीसारखा बांबू वर उचलला, छाती मोकळी. माझा हात आपोआप गेला. गोळा नीट बसला, छातीच्या मधोमध.

अन् बसल्याबरोबर मी काय केलं असंन? वाकलो अन् त्याईच्या पाया पडलो. विचार न करता. आमच्या घरी मोठ्या माणसाले नुसता पाय लागला तरी आई मान धरून वाकवते, तू पाह्यलं आहे. इथी तर मी भोसकलं होतं.

साहेबांचा बांबू खाली येतच होता. तो पाठीत बसला. अजून ठणकून राह्यलं.

साहेबांनी टोपलं काढलं. हसत होते. "आधी वार, मंग नमस्कार. इतक्या शाळा पाह्यल्या, हे कुठी नाई पाह्यलं. मास्तर, हे तुम्ही शिकवलं?"

एक हो म्हटलं असतं का सर परमनंट. हेडमास्तर पाठीमागून खोकलून राह्यले.

सर म्हणाले, "नाई साहेब. मी त्याले फक्त भोसकणं शिकवलं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, शेऱ्याची वही उघडली अन् माझ्याकडं पाह्यलं. "मास्तर नाई म्हणते. तू सांग. कोनी शिकवलं?"

आई म्हणू? तर सर गेले. सर म्हणू? तर सर खोटे. मी पुन्हा वाकलो, या वेळी सरांच्या पायावर डोकं ठेवलं.

साहेबांनी लिहिलं. हेडमास्तरांनी मोठ्यानं वाचलं, "शिस्तीचे शिक्षण उत्तम. मास्तरांना कायम करावे."

*

तुले वाटंन झालं. नाई झालं.

आज सकाळी सर मिलमधी आले. पेढे नाई, काही नाई. बसले पन नाई. म्हणाले, "बाबू, तुझ्यानं नोकरी लागली. पन जे मी शिकवलं नाई, त्याची लागली." अन् एक पाकीट दिलं. साहेबांच्या नावाचं. आत काय लिहिलं तेही सांगितलं, खरं खरं सगळं. डावीकडचा माणूस, चार महिने, सिस्टरबाई, सगळं. "तू पोस्टावरूनच जाते न? टाकून दे."

"सर, घरी विचारलं का?"

"घरी विचारलं असतं तर लिहिलं नसतं," ते म्हणाले अन् शाळेत गेले. घंटा वाजली होती.

हे पाह्य, खिशात आहे. तिकीट लावलेलं. या टपरीसमोरच पोस्टाची पेटी, अन् तो खाकी कपड्यातला पोस्टमन किल्ली घेऊन तिकडंच येऊन राह्यला.

सांग बे लवकर. तू काय केलं असतं?