पेटीत काय होतं

महामाया हनमंते काय काम करतात असं कुणी विचारलं, की त्यांच्या आई धुरपताबाई सांगत, "कालेजात शिकवती. अन् सुट्टी लागली की लोकाच्या घरची जुनी कागदं वाचत फिरती." महामायांच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनाही याहून नेमकं सांगता आलं नसतं.

वडील व्यंकटराव रेल्वेत गँगमन होते. नांदेडला त्यांच्या वस्तीतल्या विहारात रविवारी पालीचा वर्ग भरायचा. चौदा वर्षांची महामाया तिथे जाऊन बसायची ती पहिल्यांदा फक्त पंख्यासाठी. एकदा शिकवणारे गुरुजी बोलता बोलता म्हणाले, पालीसारख्याच आणखीही जुन्या बोली होत्या, त्यांना प्राकृत म्हणतात, आणि त्यांत सुनेला 'सुण्हा' म्हणत. पोरीने घरी येऊन आईला ते मोठ्या अपूर्वाईने सांगितलं.

"मग?" धुरपताबाई भाकरी थापत म्हणाल्या. "आताबी सूनच म्हणत्यात. त्यात शिकायचं काय?"

महामायेला त्यातच तर शिकायचं होतं. हा शब्द एवढी वर्षं कुणाकुणाच्या तोंडून फिरत आपल्या चुलीपर्यंत आला कसा? तो प्रश्न तिला असा चिकटला की पालीत एम.ए. झाल्यावर ती प्राकृताकडे वळली, त्यातच पीएच.डी. केली आणि नांदेडच्याच एका कॉलेजात शिकवू लागली. सुट्टीत ती कंधार, उदगीर, निलंगा अशी हिंडायची. कुणाच्या माळ्यावर पोथी आहे असं कानावर आलं की निघायची. बहुतेक वेळा हाती यायच्या जन्मपत्रिका, जमिनीच्या सनदा, नाहीतर वाळवीने खाल्लेली पंचांगं. तीस वर्षांत खऱ्या प्राकृत पोथ्या मिळाल्या त्या अकरा.

बारावी मिळाली तेव्हा महामाया चौपन्न वर्षांच्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत मुग्धा नावाच्या जुन्या विद्यार्थिनीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. सोबत लिहिलं होतं, 'मॅडम, आमच्या औशाच्या घरी देवघरात ही पोथी आहे. दसऱ्याला पूजा करतो. कुणालाच वाचता येत नाही.' फोटो हललेला होता, पानावर हळदीकुंकवाचे डाग होते. तरी महामायांनी तो मोठा करून पाहिला. अक्षरांच्या मात्रा डोक्यावर नसून अक्षराच्या आधी, उभ्या रेघेसारख्या काढलेल्या होत्या. ही जुनी लिहिण्याची पद्धत. त्यांनी अडखळत दीड ओळ लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची लातूरची बस पकडली. लातूरहून औसा.

मुग्धाचे वडील रेणुकादास हे निवृत्त शिक्षक, बहात्तरीचे. त्यांनी अगत्याने बसवलं, चहा झाला.

"हनमंते म्हणजे कुठले आपण?"

"नांदेडचेच, गुरुजी. आम्ही बौद्ध."

"हाव का," म्हणून रेणुकादास जरा थांबले. मग आत जाऊन लाल कापडात बांधलेली पोथी घेऊन आले आणि ती चौरंगावर ठेवून स्वतःच चौरंगापाशी बसले. "तुम्ही वाचा. पानं मी उलटतो. लई जुनी हायेत."

महामायांना कळायचं ते कळलं. असं काही त्यांना पहिल्यांदा दिसत नव्हतं. उठावं आणि बस गाठावी असंही क्षणभर वाटलं. पण समोर पहिलं पान उघडं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'नमो जिणाणं'. त्या वाचू लागल्या.

"ही जैनांची पोथी आहे, गुरुजी."

"आमच्या देवघरात?" रेणुकादास दचकलेच. "आमच्या आजोबांनी तर सांगितलं होतं की रोग पळवायचे मंत्र हायेत हे."

"मंत्र नाहीत. गोष्ट आहे. तुमच्याकडे कशी आली ते मात्र लिहिलेलं नाही."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी असंच चाललं. रेणुकादास पान उलटत, महामाया वाचत, मराठीत अर्थ सांगत आणि वहीत उतरवून घेत. रेणुकादासांच्या पत्नी प्रेमलाकाकू सुरुवातीला स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या. मग भाजीची परात घेऊन बाहेर आल्या. मग परात तशीच राहिली.

गोष्ट होती गोला नावाच्या मुलीची. प्राकृतात गोदावरीलाही गोलाच म्हणतात, आणि ही मुलगी त्याच नदीवर नाव चालवायची. एक सार्थवाह, म्हणजे तांड्याने फिरणारा व्यापारी, तिच्याकडे एक बंद पेटी ठेवून दूरदेशी गेला. सात वर्षांनी येईन म्हणाला, तोवर उघडायची नाही. गोलेने शब्द दिला. वर्षं गेली तशी गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं पेटीत चोरीची रत्नं आहेत, कुणी म्हणालं विष आहे, कुणी म्हणालं मेलेलं मूल आहे.

तिसऱ्या दिवशी महामाया मध्येच थांबल्या. "गुरुजी, एक पान राहिलं. तुम्ही दोन पानं एकदम उलटलीत. तीन वेळा झालं असं."

रेणुकादासांनी ओशाळून पानं मागे घेतली. घाईत ती आणखीच सरकली. तेवढ्यात प्रेमलाकाकू उठल्या. त्यांनी पोथीचा गठ्ठाच दोन्ही हातांनी उचलला आणि महामायांच्या मांडीवर ठेवला.

"अहो, ज्याला वाचता येतं त्याच्या हातात द्यावं की! तिकडं त्या पोरीला लोक राजाकडं ओढून नेऊन राहिलेत, अन् तुमचं पानच उलटेना!"

रेणुकादास उठले. आत गेले आणि महामायांसाठी लोड घेऊन आले. महामायांनी तो पाठीशी घेतला. मनातला सल तेवढ्याने गेला नाही, पण पाठ मात्र तीन दिवसांत पहिल्यांदा टेकली.

संध्याकाळी त्या शेवटच्या पानावर आल्या. गोला राजासमोर उभी होती, पेटी मध्ये ठेवलेली होती. महामायांनी वाचलं, "तओ राइणा भणियं, उग्घाडेह मंजूसं."

"उग्घाडेह?" प्रेमलाकाकू ओरडल्याच. "म्हणजे उघडा! राजा म्हणतो उघडा! मला कळलं, बाई! मग?"

"एवढंच आहे, काकू. पुढची पानं नाहीत."

पानांवर आकडे होते. ते बेचाळीसवर थांबत होते, वाक्य मात्र पुढे चाललं होतं. महामायांनी रेणुकादासांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"अहो, सांगा की," काकू म्हणाल्या. ते सांगेनात, तेव्हा त्यांनीच सांगितलं. साठ वर्षांपूर्वी रेणुकादासांचे वडील आणि काका वेगळे झाले. घर, शेत, भांडी यांची वाटणी झाली, पोथीवर मात्र दोघेही अडून बसले. घराण्याचं आरोग्य तिच्यात आहे अशी समजूत. शेवटी पंचांनी पानं मोजून अर्धी अर्धी केली. धाकटे काका आपली बेचाळीस पानं घेऊन धर्माबादला गेले. तेव्हापासून दोन्ही घरांत लग्नाच्या पत्रिकाही जात नाहीत. तिकडे आता काकांचा मुलगा राघवेंद्र राहतो, एवढंच माहीत होतं.

"वाचता येत असतं तर असं मधोमध तोडलं असतं का?" महामाया स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

नांदेडला परतल्यावर त्यांना झोप लागेना. भाषेसाठी त्यांना पुढची पानं हवीच होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांना ती पेटी उघडायला हवी होती. धुरपताबाईंना गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "जा मग धर्माबादला. गाडी हाय की."

महामायांनी राघवेंद्रांचा फोन नंबर मिळवला. पासष्टीच्या राघवेंद्रांनी सगळं ऐकून घेतलं, पण औशाचं नाव निघताच आवाज कोरडा झाला. "पोथी हाय. पण त्यांच्याकडून कुणी येणार असेल तर न्हाई जमायचं."

"मी कुणाकडूनच नाही. मला फक्त पुढे काय झालं ते हवंय."

त्यावर ते म्हणाले, "मागं काय झालं ते आम्हाला तरी कुठं माहीत हाय? या."

महामायांनी काकूंना हे कळवलं ते केवळ कर्तव्य म्हणून. ठरल्या दिवशी नांदेड स्टेशनावर पाहतात तर प्रेमलाकाकू हातात पिशवी घेऊन उभ्या. भल्या पहाटे औशाहून निघाल्या होत्या.

"गुरुजी काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याच्या दारात पाय ठेवायचा न्हाई. मी म्हटलं, तुम्ही नका ठेवू."

धर्माबादच्या घरी राघवेंद्रांनी दार उघडलं. काकूंना त्यांनी ओळखलं नाही, आणि ओळखणार तरी कसे? काकूंनी स्वतःच नाव सांगितलं. राघवेंद्र दारात तसेच उभे राहिले. काकू म्हणाल्या, "भाऊजी, भांडायचं असंल तर मागून भांडू. आधी ती पेटी उघडू द्या."

मग पहिल्या बेचाळीस पानांची गोष्ट काकूंनीच राघवेंद्रांना सांगितली, हातवारे करून, राजाचा आवाज काढून. महामाया ऐकत राहिल्या. दोन ठिकाणी काकूंनी मूळ प्राकृत शब्द जसाच्या तसा वापरला होता.

त्रेचाळिसावं पान उघडलं. गोलेने राजाला सांगितलं, उघडणार नाही असा शब्द मी दिलाय, तुम्ही नव्हे, तुम्ही उघडा. राजाने हात पुढे केला आणि मागे घेतला. आधीच्या एका राजाने असंच काही उघडलं होतं, त्याची उपकथा प्रधानाने सुरू केली. ती उपकथा तीस पानं चालली. काकू चुळबुळत होत्या. अखेर सातवं वर्ष संपलं, सार्थवाह परतला, गोलेकडून पेटी घेतली, तिला नमस्कार केला आणि निघून गेला.

"अन् पेटीत काय होतं?" काकू आणि राघवेंद्र एकदमच म्हणाले.

महामायांनी शेवटचं पान उजेडाकडे धरलं. गोष्ट संपली होती. पण समासात बारीक अक्षरांत लेखनिकाने आपल्या मनचं काही लिहिलं होतं. ते लावायला त्यांना वेळ लागला, आणि लागल्यावर त्या हसायलाच लागल्या.

"लिहिणारा म्हणतो, पेटीत काय होतं ते मी गुरूंना विचारलं. गुरू म्हणाले, मीही माझ्या गुरूंना विचारलं होतं."

राघवेंद्र खो खो हसले. काकू मात्र चिडल्या. पेटी रिकामी असणार असं त्यांचं मत, राघवेंद्रांचं मत रत्नं. जेवणं झाली तरी वाद मिटला नाही. साठ वर्षांपूर्वीच्या वाटणीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

रेणुकादासांचा फोन संध्याकाळी आला. काकूंनी त्यांना काही सांगितलं नाही. "इथं यायचं अन् ऐकायचं," म्हणाल्या. ते आले, पण तीन महिन्यांनी, आणि तासभरच बसले. येताना आपली बेचाळीस पानं घेऊन आले होते. दोन्ही भाग एकाशेजारी एक ठेवून महामायांनी सगळ्या चौऱ्याऐंशी पानांचे फोटो काढले. पोथी पुन्हा एकत्र बांधायला दोघेही चुलतभाऊ तयार झाले नाहीत. अर्धी अर्धी पुन्हा आपापल्या देवघरात गेली.

सध्या महामाया त्या पोथीची छापील प्रत तयार करताहेत. एका शब्दापाशी काम अडलंय. गोला नाव हाकताना हातात 'पेल्लणी' धरते. 'पेल्लणं' म्हणजे ढकलणं, तेव्हा तो नाव ढकलायचा बांबू असावा असा त्यांचा कयास. पण कोशात सापडत नाही. म्हणून परवा त्या नांदेडला गोदावरीच्या घाटावर जाऊन जुन्या नावाड्यांना विचारून आल्या. एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्याने शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला.

"न्हाई बाई. आमी बांबूला बांबूच म्हंतो," तो म्हणाला. "पण तिकडं वरच्या अंगाला माझी मावशी हाय. तिला इचारून बघा."

महामायांनी मावशीच्या गावाचं नाव वहीत लिहून घेतलं आणि बस किती वाजता आहे ते विचारलं.