पाच राजे, प्युअर सिक्वेन्स आणि शैलाकाकूंनी दिलेली तारीख

शैलाकाकू निकाल न देताच गेल्या.

आज वर्ष झालं. आणि हे वर्षभर मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलेले होते, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, शनिवारी दुपारी जेवणं झाली की शैलाकाकूंच्या डायनिंग टेबलवर पोकर. त्या मूळच्या नागपूरच्या, इथे आम्ही सगळे जन्मायच्या आधीपासूनच्या वाटाव्यात इतक्या जुन्या. पैसे लावायला सक्त मनाई. चिप्सच्या जागी राजमा. (नंतर तोच शिजायचा. धुऊन. बहुतेक.)

दर डावाला जोकर वेगळा. वाटणारा ठरवणार. कधी दुर्री, कधी काळे गुलाम.

आणि जोकर आला की भांडण आलंच.

कोणी फोन काढला की काकू ओरडायच्या, "तो फोन पालथा ठेव! गूगलला काय विचारता बाप्पा, तो काय आपल्यात खेळतो का?"

भांडण सोडवायची त्यांची एकच पद्धत. पानं पालथी, खुर्च्यांची अदलाबदल. तू त्याच्या खुर्चीत बसायचं आणि तो का बरोबर आहे ते सांगायचं. त्याने तुझ्या खुर्चीत बसून तुझी बाजू मांडायची.

मोठमोठे आर्किटेक्ट आणि मॅनेजर तिथे त त प प करायचे. मग हसू फुटायचं. मग काकू निकाल द्यायच्या आणि तो कोणालाही झोंबायचा नाही.

त्या शनिवारी मात्र आक्रीत घडलं.

दुर्री जोकर होती. माझ्या नवऱ्याकडे, समीरकडे, तीन राजे आणि दोन दुर्र्या. म्हणजे पाच राजे!

संदीपकडे बदामची छक्की ते दश्शी. सलग. एकही जोकर नाही.

समीर म्हणाला, "फाइव्ह ऑफ अ काइंड. सगळ्यात वर. विषय संपला."

संदीप रमीच्या घरात वाढलेला. तो उसळलाच. "ए, माझी प्युअर सिक्वेन्स आहे! जोकरची भीक न मागता लागलीये. तुझे दोन राजे तर भाड्याने आणलेले."

"भाड्याने? नियम माहीत नसेल तर खेळू नये, यार."

"तुझ्या घरचा नियम?"

बघता बघता आवाज चढले. एकाच कंपनीत, एकाच विमानाने आलेले हे दोघं. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलमध्ये समीरसोबत बसून राहिलेला संदीप. आणि भांडत होते कशावरून, तर पत्त्यांवरून!

काकू "खुर्च्या बदला" म्हणाल्या. दोघंही ढिम्म.

तेव्हा काकूंनी पहिल्यांदाच निकाल पुढे ढकलला. "पुढच्या शनिवारी सांगते. दोघंही या. काहून नाही येणार? या म्हणजे या."

तो शनिवार आलाच नाही. गुरुवारी सकाळी काकू हार्ट अटॅकने गेल्या. बसल्या जागी.

फ्युनरलला दोघं दोन टोकांना उभे होते. काका लेकीकडे टेक्सासला निघून गेले. पोकर बंद, कारपूल बंद, संदीपच्या घरची दिवाळीसुद्धा आम्हाला फोटोतच दिसली.

मला राग याचा की काकू, एक वाक्य बोलला असतात तर? तुमच्या शब्दाबाहेर कोण होतं?

आज काकांनी इथल्या घरी परत येऊन वर्षश्राद्धाच्या जेवणाला सगळ्यांना बोलावलं. दोघंही आले. काकूंचं नाव होतं, न येऊन सांगतात कोणाला?

जेवणानंतर संदीपनेच न राहवून विचारलं, "काका, काकू तुम्हाला काही बोलल्या होत्या का? त्या डावाबद्दल?"

"हो, बोलली होती की."



"मग वर्षभर सांगितलं नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कोणी विचारलंच नाही. मला पत्त्यातलं कळत नाही, हे तुम्हीच ठरवून टाकलेलं." काका ताक ढवळत होते. "ती म्हणाली, दोघंही बरोबर आहेत. काय मोठं, ते पानं वाटायच्या आधी बोलायला हवं होतं. कोणीच बोललं नाही. आता मागाहून कोणाला हरवू?"

"मग पुढच्या शनिवारी काय सांगणार होत्या?"

"काही नाही. मीही हेच विचारलं तिला. तर म्हणाली, अहो, त्यांना तारीख दिली. तारीख असली की भांडलेली माणसंही येतात. एकदा आली की बघते मी."

माझा वर्षभराचा राग तिथल्या तिथे विरघळला. मी रडले. खोटं कशाला बोलू, हमसून हमसून रडले.

समीर उठला आणि संदीपच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. "ऊठ."

संदीप उठला. समीरच्या जागी जाऊन बसला.

समीर म्हणाला, "एकही जोकर नाही आणि पाच पानं सलग, एका रंगाची. हे लागणं खरंच कठीण असतं रे."

संदीप म्हणाला, "जोकर आपणच मानला ना. मग त्याला पुरता मान द्यायला हवा." आणि मग, पत्त्यांशी काही संबंध नसलेलं, "काकू गेल्या त्या दिवशी मला तुला फोन करायचा होता, समीर."

"मलाही."

काकांनी कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला. समीरने पिसला आणि वाटायच्या आधी मोठ्याने म्हणाला, "तिर्र्या जोकर. पाच सारखी सगळ्यात वर. कोणाची हरकत?"

"माझी आहे," संदीप म्हणाला. "पण आधी बोललास. वाट."

काकू, तुम्ही दिलेल्या तारखेला आम्ही पोचलो. एक वर्ष उशिरा, पण दोघंही आले हो.

खूप प्रेम, आणि नमस्कार.